सहा तासांतील बारा मिनिटे

स्पीडबोट पहिल्यांदा पाण्यात उतरवली, त्या दिवशी काठावर आणि पाण्यात मिळून आमचे सहा तास गेले, आणि त्यांपैकी जेमतेम बारा मिनिटे आम्ही वेगाने गेलो. हा हिशेब मी तक्रार म्हणून मांडत नाही. उलट, उरलेले पाच तास अठ्ठेचाळीस मिनिटे नेमकी कशात जातात हे आधी कोणी नीट सांगितले असते, तर त्या दिवसाची तयारी मी निराळ्या रीतीने केली असती. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बोट लहानशीच आहे. लांबी साडेचार मीटर, फायबरग्लासचा सांगाडा, त्याचे वजन ३५० किलोच्या आसपास आणि मागच्या सपाट फळीवर ४० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. सांगाडा जुना आहे, इंजिन मात्र कोरे करकरीत. मोठ्या जहाजाच्या बाबतीत या प्रसंगाला ‘जलावतरण’ असा भारदस्त शब्द वापरतात. माझ्याही मनात तोच शब्द घोळत होता. पण प्रत्यक्षात जे घडले ते एका थोराड वस्तूला अत्यंत अदबीने, बिचकत बिचकत पाण्यात ढकलण्याइतकेच होते.

माझ्यासोबत थोरला भाऊ होता. त्याने याआधी अनेक वर्षे लहान बोटी चालवल्या आहेत आणि घाई न करणे हा त्याचा स्वभावच आहे. पहिल्या फेरीला तिसरे माणूस नको, असे त्याने आधीच बजावले होते. बोटीवरच्या पाटीवर चार माणसांची मुभा लिहिलेली असली, तरी ती मुभा बोट कशी वागते हे ठाऊक असलेल्या चालकासाठी असते, असे त्याचे म्हणणे होते.

पहिली तयारी घरीच झाली. आउटबोर्ड इंजिनाला थंड ठेवण्याचे काम बाहेरचे पाणी करते. इंजिनाच्या पायात बसवलेला एक छोटा पंप ते पाणी वर ओढतो आणि त्या पंपाचे चाक रबराचे असते. कोरड्यात इंजिन चालवले, तर हे रबर घर्षणाने काही क्षणांतच खराब होऊ शकते. म्हणून पाणी शिरण्याच्या जाळीवर बसणाऱ्या रबरी वाट्या लावून, त्यांना नळाचे पाणी जोडून, आम्ही इंजिन अंगणात सुरू करून पाहिले. मागच्या बाजूने सुतळीएवढी पाण्याची धार एकसारखी पडू लागली, म्हणजे पंप काम करतो आहे हे कळले. गिअर पुढे, मागे आणि न्यूट्रलमध्ये नीट पडतो का, चाक डावीकडे फिरवल्यावर इंजिन योग्य दिशेला वळते का, आपत्कालीन डोरी ओढली की इंजिन बंद होते का, हे सगळे जमिनीवर तपासता येते. पाण्यात तपासायला गेलो, तर प्रत्येक शंकेसोबत वाराही आपल्याला ढकलत असतो.

दुसरी तयारी ट्रेलर मागे घेण्याची. हे कौशल्य बोटीशी संबंधित नाही असे मला वाटत होते, आणि तीच माझी सर्वांत मोठी गैरसमजूत होती. गाडी रिव्हर्समध्ये असताना चाक उजवीकडे फिरवले की ट्रेलर डावीकडे जातो. बुद्धीला हे दोन मिनिटांत पटते, हातांना पटायला दोन सकाळी लागतात. भावाने सांगितलेली युक्ती उपयोगी पडली. हात स्टिअरिंगच्या अगदी तळाशी धरायचा. मग हात ज्या बाजूला नेऊ, त्याच बाजूला ट्रेलर जातो. मोकळ्या मैदानात दोन विटा ठेवून त्यांच्यामधून ट्रेलर नेण्याचा सराव मी केला. ट्रेलर जितका आखूड, तितका तो लवकर आडवा होतो. तसा तो होऊ लागला की सुधारणा करत बसण्यापेक्षा गाडी पुढे घेऊन पुन्हा सुरुवात करणे केव्हाही बरे.

दिवस आणि वेळ आम्ही भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवली. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी बोट उतरवायची आणि भरतीनंतर दोन तासांच्या आत बाहेर काढायची, असा बेत होता. पाण्याची चढ-उतार एकसारखी नसते. साधारण सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासात एकूण फरकाच्या बाराव्या हिश्शाइतके, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक हिस्सा पाणी उतरते, असा खलाश्यांचा ढोबळ आडाखा आहे. भरती आणि ओहोटीत तीन मीटरांचा फरक असेल, तर भरतीच्या दोन्ही बाजूंच्या दोन तासांत पाणी पाऊण मीटरच हलते. मधल्या दोन तासांत मात्र ते दीड मीटर खाली जाते. शिवाय ओहोटीच्या वेळी धक्क्यावरून पाण्यात जाणाऱ्या काँक्रीटच्या उताराचा शेवाळलेला भाग उघडा पडतो, त्यावर गाडीची चाके घसरतात, आणि काँक्रीट जिथे संपते तिथे ट्रेलरचे चाक कडेवरून खाली पडण्याची भीती असते.

धक्क्यावर पोहोचल्यावर थेट उतारावर जायचे नसते. बाजूच्या मोकळ्या जागेत गाडी लावून आम्ही वीस-पंचवीस मिनिटे थांबलो. रस्त्यावर धावून ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. ते तसेच थंड पाण्यात बुडवले, तर आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. मग वंगण बिघडते, गंज चढतो आणि पुढे कधीतरी भर रस्त्यात चाक अडते. मागच्या दिव्यांची वायर काढून ठेवण्याचे कारणही असेच आहे. तापलेला बल्ब गार पाण्यात गेला, तर तडकतो.

हा वेळ वाया जात नाही, कारण उतारावर करायची नाहीत अशी सगळी कामे इथेच उरकायची असतात. नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, लांब दोर बांधणे, नांगर आणि त्याचा दोर हाताशी ठेवणे, वल्ही, अग्निशामक, पाणी उपसण्याचे भांडे आणि धक्क्याशी घर्षण होऊ नये म्हणून लावायच्या रबरी गाद्या बोटीत ठेवणे, लाइफ जॅकेट अंगावर चढवणे. मागची बाजू ट्रेलरला जखडणारे पट्टे काढायचे. ते विसरले, तर बोट तरंगू पाहते आणि ट्रेलरलाही सोबत उचलू लागते. नाळेकडचा विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या चक्रीचा, पट्टा मात्र बोट पाण्यात जाईपर्यंत काढायचा नाही. तो आधीच काढल्यामुळे भर उतारावर सरकून काँक्रीटवर आपटलेली एक बोट मी पूर्वी पाहिली आहे आणि तो आवाज अजून माझ्या कानांत आहे.

आणि बूच. बोट बाहेर असताना आत साचलेले पाणी वाहून जावे म्हणून मागच्या फळीच्या तळाशी एक भोक असते आणि पाण्यात जाण्यापूर्वी ते बुचाने बंद करायचे असते. पंचवीस मिलिमीटर व्यासाचे भोक पाण्याखाली वीस सेंटिमीटर असेल, तर मिनिटाला सुमारे ३५ लिटर पाणी आत येते. म्हणजे दहा मिनिटांत माझ्या बोटीच्या सांगाड्याच्या वजनाइतके! हा हिशेब कागदावर करून पाहिल्यापासून मला बुचाची धास्तीच बसली होती. मी ते इंजिनाच्या किल्लीच्या कडीलाच अडकवून ठेवले होते, म्हणजे किल्ली हातात घेतल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही आणि बूच दिसल्याशिवाय किल्ली हातात येणार नाही. त्या सकाळी मी ते बसवले आणि मग पाच वेळा वाकून पाहिले. पाचव्या वेळी भाऊ म्हणाला, “अरे, ते पळून जात नाही. बाकीचंही बघ जरा.” हे वाक्य मी तेव्हा मनावर घेतले नाही.

उतारावरचे काम प्रत्यक्षात चार-पाच मिनिटांचेच निघाले. इंजिन वर उचललेले ठेवून मी ट्रेलर सावकाश मागे घेतला. भाऊ नाळेचा दोर हातात धरून बाजूला उभा होता, ट्रेलरच्या मागे नव्हे. ट्रेलरची चाके बुडाली, बोटीचा मागचा भाग हलका होऊन किंचित डोलू लागला, तशी मी हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि उतरून विंचचा पट्टा सोडला. थोडासा धक्का दिल्यावर बोट अलगद मागे सरकली. इतका वेळ ओझे म्हणून ओढत आणलेली ती जड वस्तू एका बोटाने फिरवता येते, हे पाहून मला झालेला आनंद बालिश होता, हे मान्य करतो.

त्यानंतर आम्ही काहीच केले नाही. गाडी वर नेऊन लावली, बोट धक्क्याला दोन दोरांनी बांधली आणि दहा मिनिटे नुसते बसून राहिलो. पहिल्या वेळी हे थांबणे फार महत्त्वाचे असते. जुन्या सांगाड्यात एखादी बारीक फट असेल, इंजिन बसवताना फळीला पाडलेल्या भोकांतून पाणी झिरपत असेल, तर ते इथेच, धक्क्याला बांधलेले असतानाच कळायला हवे. तळफळी उचलून आम्ही दोनदा हात फिरवला. तळ कोरडा होता.

इंजिन खाली सोडून सुरू केले, मागची धार पाहिली आणि आपत्कालीन डोरी मांडीला अडकवली. या लाल, वेटोळ्या डोरीविषयी दोन वाक्ये जास्त लिहितो. चालक पाण्यात फेकला गेला, तर डोरी निघते आणि इंजिन तत्काळ बंद पडते. ती लावलेली नसेल, तर मोकळे सुटलेले सुकाणू इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) ओढीमुळे एका बाजूला वळते, बोट सरळ निघून न जाता गोल गोल फिरू लागते आणि पाण्यात पडलेल्या माणसाकडेच परत येते. बोटीवर फिरता पंखा आहे, ब्रेक नाही, आणि पाण्यात पडलेला माणूस बाजूला पळू शकत नाही. डोरी लावायला दोन सेकंद लागतात.

नव्या इंजिनाच्या पुस्तिकेत पहिल्या दहा तासांचे वेळापत्रक दिलेले होते: पहिला तास मंद गतीने, दुसऱ्या तासात बोट पाण्यावर उचलली जाईल इतकाच जोर आणि मग लगेच कमी, त्यापुढे बराच काळ पूर्ण वेग अगदी थोडा वेळच. नव्या भागांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळून बसावेत म्हणून हे बंधन असते. मला ते आधी जाचक वाटले होते. पण मंद गतीचा तो सक्तीचा तास मिळाला नसता, तर बोट चालवणे मी शिकलोच नसतो.

गाडी पुढच्या चाकांनी वळते, बोट मागून वळते. पुढे जाताना ती नाळेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावरच्या बिंदूभोवती फिरते, त्यामुळे नाळ डावीकडे वळते तेव्हा मागचा भाग उजवीकडे झाडल्यासारखा फेकला जातो. धक्क्याला उजवी बाजू लावून उभे असताना मी गाडीच्या सवयीने चाक डावीकडे फिरवून पुढे निघालो आणि मागचा कोपरा धक्क्यावर दाणकन आपटला. रबरी गादी होती म्हणून निभावले. इंजिन धक्क्यापासून दूरच्या दिशेने वळवून रिव्हर्समध्ये मागची बाजू आधी मोकळी करायची आणि मग निघायचे, हे त्यानंतर शिकलो. दुसरी गोष्ट आणखी विचित्र वाटली. आउटबोर्डच्या बोटीत पंख्याच्या लोटामुळेच दिशा मिळते. न्यूट्रलमध्ये चाक कितीही फिरवले, तरी बोट जवळपास ऐकतच नाही. घाबरल्यावर माणूस थ्रॉटल बंद करतो आणि नेमक्या त्याच क्षणी सुकाणू हातचे जाते. म्हणून गिअर घालणे, काढणे, पुन्हा घालणे, अशा छोट्या छोट्या ठोक्यांनी बोट हलवायची असते. आम्ही एका तरंगत्या खुणेभोवती आठ आकड्याचे फेरे घेत राहिलो.

दहा मिनिटे झाली असतील. इंजिन एकदा खोकले, सावरले, पुन्हा खोकले आणि बंद पडले. धक्का तीनशे मीटरांवर होता आणि वारा आम्हाला त्याच्यापासून दूर नेत होता. मी किल्ली फिरवू लागलो. भाऊ म्हणाला, “थांब. आधी नांगर टाक. कारण मग शोधू.” पाणी चार मीटर खोल होते, खोलीच्या पाचपट, म्हणजे वीस मीटर दोर सोडल्यावर नांगराने पकड घेतली, बोटीची नाळ वाऱ्याकडे वळली आणि वाहणे थांबले. या एका कृतीने आमची अडचण आणीबाणी न राहता नुसती एक शंका होऊन बसली.

मग इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून पाहिला. एरवी तो दाबला की पुन्हा फुगतो आणि शेवटी घट्ट होतो. इथे तो चपटा झाला तो चपटाच राहिला. टाकी उचलायला हात लावला, तर तिच्या प्लास्टिकच्या भिंती आत ओढल्या गेल्या होत्या, जणू कोणी आतून घोट घेत होते. आणि घेतच होते! टाकीच्या झाकणावर हवा आत येण्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. प्रवासात पेट्रोल हिंदकळून बाहेर येऊ नये, त्याची वाफ पसरू नये म्हणून मीच तो सकाळी आवळला होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते, हे मला पाठ होते; म्हणून टाकीही मी बोटीबाहेर ठेवूनच भरली होती. तो आवळलेला स्क्रू सैल करायचा मात्र राहून गेला. इंजिन पेट्रोल ओढत राहिले, त्याची जागा घ्यायला हवा आली नाही आणि अखेर टाकीतली पोकळी पंपापेक्षा वरचढ ठरली.

स्क्रू सैल केल्याबरोबर फुस्स आवाज झाला आणि टाकीच्या भिंती टण्णकन बाहेर आल्या. भाऊ काही बोलला नाही. त्याचे न बोलणे मला जास्त लागले. माझ्या यादीत टाकीची नोंद नव्हती असे नाही. ‘इंधन टाकी’ असे मी लिहिले होते आणि तिच्यापुढे खूणही केली होती, कारण टाकी भरलेली होती. नोंद वस्तूची होती, कृतीची नव्हती.

मंद गतीचा तास पुरा झाल्यावर भावाने सभोवार पाहिले आणि मान हलवली. आता वेगाची गोष्ट. साधी तरंगती बोट पाणी बाजूला सारत जाते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. चार मीटर पाणरेषेच्या, म्हणजे पाण्याला टेकलेली लांबी चार मीटर असलेल्या, बोटीला ही मर्यादा सुमारे पाच नॉटवर, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरवर येते. त्यापुढे जोर लावला की नाळ आकाशाकडे उठते, मागचा भाग खाली बसतो, मागे मोठी लाट उभी राहते आणि समोरचे काहीही दिसत नाही. पहिल्या वेळी माझा हात नेमका इथेच कचरला आणि आम्ही तसेच नाळ वर करून, भरपूर पेट्रोल जाळत रेंगाळलो. हा टप्पा ठाम हाताने पार करायचा असतो. इंजिन फळीच्या जवळ झुकवून ठेवले, भाऊ थोडा पुढे सरकला, मी थ्रॉटल पुढे ढकलला आणि काही सेकंदांत नाळ खाली आली, आवाज मोकळा झाला, बोट पाणी कापायचे सोडून पाण्यावरून सरकू लागली. मग थ्रॉटल बराच मागे घेतला, तरी वेग टिकून राहिला.

वेगमापकावर २२ नॉट होते, म्हणजे ताशी चाळीसएक किलोमीटर. रस्त्यावर हा वेग कोणी मोजणारही नाही. पाण्यापासून अर्ध्या मीटरवर बसून तो दुप्पट वाटतो, आणि हातभर उंचीच्या लाटाही तळावर हातोडीसारख्या बसतात. इंजिनाचा कोन मी थोडा बाहेर नेला तशी बोट हलकी झाली. आणखी नेला, तर नाळ तालात वरखाली उड्या मारू लागली, म्हणून पुन्हा आत घेतला. एका वळणावर पंख्याने वरून हवा ओढली, पकड सुटली आणि इंजिन किंचाळले. थ्रॉटल कमी केल्यावर ते शांत झाले. सहा-सहा मिनिटांच्या दोन धावा झाल्या, तेवढ्या पुरल्या.

वाटेत एक शिडाची होडी आडवी आली. समुद्रावरच्या वाहतुकीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम मी वाचून गेलो होतो: समोरासमोर आलेल्या दोन्ही यांत्रिक बोटींनी उजवीकडे वळायचे, उजव्या हाताने आडव्या येणाऱ्या बोटीला वाट द्यायची आणि इंजिनाच्या बोटीने सामान्यतः शिडाच्या होडीपासून दूर राहायचे. वेग बराच आधी कमी केला, कारण आपली लाट आपल्यामागून येते आणि दुसऱ्याला हेलकावे देते.

परत धक्क्याला लागणे हे दिवसातले सर्वांत अवघड काम होते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, तिरके, गिअरच्या छोट्या ठोक्यांनी यायचे. “जितक्या जोरात धडकायची तयारी असेल, त्याच्याहून जोरात यायचं नाही,” एवढेच भावाने सांगितले आणि हात खिशात घातले. पहिल्या वेळी मी धक्क्यापासून दोन मीटरांवर थांबलो आणि वाऱ्याने मागे गेलो. दुसऱ्या वेळी कोन चुकला. तिसऱ्या वेळी शेवटच्या क्षणी इंजिन धक्क्याकडे वळवून रिव्हर्सचा एक ठोका दिला, बोट थांबली आणि तिचा मागचा भाग हळूच आत आला. तिथे कोणी पाहत नव्हते, याचे वाईट वाटले.

बोट ट्रेलरवर घेतली, मागचे पट्टे बांधले, उतारावरून वर आलो. घरी गोड्या पाण्याने इंजिन पंधरा मिनिटे आतून धुतले, कारण खारे पाणी आत सुकले की मिठाचे थर बसतात. मग बूच काढले. आतून पेलाभर पाणी आले, फवाऱ्यांचे असावे इतकेच. बूच किल्लीच्या कडीला परत अडकवले आणि यादीतली ‘इंधन टाकी’ खोडून तिथे लिहिले: ‘झाकणावरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल करणे, इंजिन सुरू करण्यापूर्वी.’ भावाने ती ओळ वाचली आणि तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक भर घातली: ‘घरी परतताना पुन्हा आवळणे.’ मी लगेच खाली जाऊन पाहिले. स्क्रू सैलच होता.